फॅनी हेन्सेलच्या पियानो-रचना आणि त्यांचे संपादन



इ. स. १८४२ च्या जुलै महिन्यातली एक गोष्ट प्रथम सांगतो. ज्या विक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये आपले आजे-पणजे कनवटीला लावीत, त्याच राणीची ही गोष्ट. राणी तेव्हा अवघी तेवीस वर्षांची होती. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात जर्मनीचा नामांकित संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन तिच्या भेटीला आला होता. राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी ऑर्गन वाजवून दाखविला. मग राणीने फेलिक्सच्या छापील संग्रहातले आपल्या आवडीचे एक गाणे म्हटले. गाणे चांगले झाले. पण ते संपल्यावर फेलिक्सला सांगावे लागले की, महाराणी, हे गाणे माझे नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीचे आहे. हे कबूल करताना मनाला जरा जड गेले, असे त्यानेच घरी पाठविलेल्या पत्रात लिहिले आहे.

आता तुम्ही विचाराल, बहिणीचे गाणे भावाच्या पुस्तकात आले कसे? फेलिक्सने तरुणपणी गाण्यांचे दोन संग्रह छापले. दोहोंत मिळून चोवीस गाणी. त्यांतली सहा गाणी त्याच्या बहिणीने रचलेली होती. पण मुखपृष्ठावर नाव एकट्या फेलिक्सचे. ही चोरी नव्हती बरं का. बहिणीला ते ठाऊक होते आणि घरच्या सगळ्यांनाही ठाऊक होते. बाहेरच्या जगाला मात्र ठाऊक नव्हते. या बहिणीचे नाव फॅनी. लग्नानंतरचे आडनाव हेन्सेल. तिने पियानोसाठी लिहिलेले संगीत कागदावर कसे राहिले, कसे हरवले आणि आपल्या काळात विद्वानांनी ते शोधून, पडताळून पुन्हा कसे छापले, हा आजचा विषय.

फॅनीचा जन्म १४ नोव्हेंबर १८०५ रोजी हँबर्ग शहरात झाला. घराणे ज्यू, सधन आणि विद्येचे भोक्ते. आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे त्या काळचे मोठे तत्त्वज्ञ. वडील अब्राहम पेढीवाले. फॅनी लहान असतानाच कुटुंब बर्लिनला आले. पुढे १८१६ साली वडिलांनी मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देवविली. फॅनी आणि तिच्याहून तीन-सव्वातीन वर्षांनी धाकटा फेलिक्स, दोघेही एकाच गुरूंपाशी शिकली. पियानो लुडविग बेर्गरकडे, रचनाशास्त्र कार्ल झेल्टरकडे. तेरा वर्षांची असताना फॅनीने वडिलांच्या वाढदिवसाला बाख या थोर रचनाकाराचे चोवीस प्रेल्यूड मुखोद्गत वाजवून दाखविले होते. जाणकारांना ते ऐकून आश्चर्य वाटले.

शिक्षण सारखे मिळाले. वाट मात्र सारखी मिळाली नाही. १८२० साली वडिलांनी पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या फॅनीला पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल. तुझ्या बाबतीत मात्र ते आयुष्याचे भूषण राहील, पाया कधीही नव्हे. वडील कठोर नव्हते. मुलीला उत्तम शिक्षण देणारेही तेच. पण त्या वर्गातल्या बाईने आपले नाव बाजारात छापून आणावे, हे त्या समाजाला रुचणारे नव्हते, आणि वडील त्या समाजाचे होते. आपल्याकडेही मुलीला पेटी शिकवायची ती लग्न जमण्यापुरती, हा विचार फार जुना झालेला नाही.

१८२९ साली फॅनीचा विवाह चित्रकार विल्हेल्म हेन्सेल यांच्याशी झाला. पुढच्याच वर्षी मुलगा झाला, सेबास्टियन. बर्लिनच्या लाइपझिगर रस्त्यावर तीन क्रमांकाच्या मोठ्या वाड्यात हे सारे कुटुंब राही. आज त्या जागेवर जर्मनीच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह, म्हणजे बुंडेसराट, भरते. १८३१ पासून फॅनीने या वाड्यात रविवारच्या संगीत-बैठका चालविल्या. स्वतः पियानो वाजवायची, गायकवृंद बसवायची, कार्यक्रम ठरवायची. लिस्ट आणि क्लारा शूमान यांच्यासारखे त्या काळातले पहिल्या प्रतीचे कलावंत तिथे येऊन गेले. पण ही बैठक घरातली. तिकीट लावलेल्या सभेत ती वाजवायला बसल्याची एकच नोंद ठळकपणे सांगितली जाते. १८३८ साली एका धर्मादाय कार्यक्रमात तिने वाजविले, आणि तेही भावाची रचना.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे चीज गुरूच्या मुखातून शिष्याच्या गळ्यात उतरते. कागद असला तर असला, नसला तरी गाणे जगते. युरोपातल्या संगीताचे तसे नाही. तिथे रचनाकार पाच आडव्या रेघांवर स्वर मांडतो. कुठला स्वर किती वेळ, कुठे हळू, कुठे जोरात, हे सारे खुणांनी लिहितो. वाजविणारा तो कागद वाचून वाजवितो. आणि पियानोसाठी तर हे फारच लागते. पियानो म्हणजे दिसायला आपल्या पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पण पेटीत हवा असते, इथे पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. दहा बोटांनी एकाच वेळी पुष्कळ स्वर वाजतात. एवढे सगळे केवळ लक्षात ठेवून पिढ्यान्‌पिढ्या पुढे देणे कठीण. तेव्हा कागद छापला गेला तर रचना जगली. कागद कपाटात राहिला तर ती मुकी झाली.

फॅनीने हे पुरते ओळखले होते. तिच्या मनात छापावे असे होते, पण पाय अडत होता. १८३७ साली आईने फेलिक्सला सुचविले, तू तिला उत्तेजन दे. त्याने उत्तर दिले ते असे: तिने स्वतः ठरवले तर मी मदत करीन, पण तिला छापायला उद्युक्त करणार नाही, घरसंसार हे तिचे पहिले काम आहे. फेलिक्स बहिणीला कमी लेखत होता असे नाही. आपली नवी रचना तो आधी तिला दाखवी आणि तिचे मत मोलाचे मानी. गुण मान्य, पण बाजारात नको, असा तो पेच होता. नवरा मात्र उत्तेजन देणारा निघाला.

अखेर १८४६ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, फॅनीने स्वतःच्या नावाने रचना छापायला काढल्या. भावाला पत्राने कळविले. त्यानेही ऑगस्टमध्ये आशीर्वादाचे पत्र पाठविले. १८४६ आणि १८४७ या वर्षांत बर्लिनच्या दोन प्रकाशकांनी तिचे संग्रह काढले. त्यांत पियानोसाठी एकंदर चौदा तुकडे होते. आणि १४ मे १८४७ रोजी रविवारच्या बैठकीची तालीम चालू असताना तिला झटका आला व त्याच दिवशी ती गेली. वय एकेचाळीस. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला फेलिक्सही गेला. १८५० साली लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या प्रकाशनाने तिचे आणखी थोडे संगीत छापले. त्यात पियानोचे चार तुकडे. चौदा आणि चार, अठरा. फॅनीच्या एकूण रचना साडेचारशेहून अधिक आहेत. त्यांत निम्म्याहून जास्त गाणी, आणि त्याखालोखाल पियानो-रचना. म्हणजे छापलेला भाग किती लहान, हे तुमच्या ध्यानात येईल. बाकीचे सारे हस्तलिखितांत राहिले.

१८७९ साली मुलगा सेबास्टियन याने घराण्याचा इतिहास लिहून छापला. तो पुष्कळ वाचला गेला. त्यामुळे फॅनी जगाला ठाऊक राहिली, पण बहीण म्हणून. संगीत कुणी वाजवीत नव्हते, कारण वाजवायला कागद नव्हता. हस्तलिखितांचा मोठा साठा कालांतराने बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयातल्या मेंडेल्सोन संग्रहात आला. काही वह्या खासगी हातांत विखुरल्या.

यानंतर संपादकांचे काम सुरू होते. इथे शिक्षक मंडळींनी जरा लक्ष द्यावे, कारण हे काम आपल्याला अनोळखी नाही. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अनेक पाठ पाहूनच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. ते काम १९१९ ते १९६६ असे चालले. तिचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी पीएच. डी. केली ती बर्लिन विद्यापीठात, प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली. फॅनीच्याच गावी. पोथ्या जमवायच्या, एकमेकींशी ताडून पाहायच्या, कुठला पाठ मूळचा आणि कुठला मागाहून शिरला हे ठरवायचे, आणि आपण काय निवडले ते तळटीपेत उघड सांगायचे, ही त्या विद्येची शिस्त. संगीताच्या संपादनात हीच शिस्त असते.

एक उदाहरण कल्पनेने समजून घ्या. रचनाकाराने एका ओळीत स्वराआधी तीव्र स्वराची खूण केली. तीच ओळ पुढे परत आली तेव्हा खूण नाही. विसरली, की मुद्दाम बदल केला? पूर्वीचे कित्येक संपादक स्वतःच्या मनाने खूण घालून मोकळे होत. एवढेच नव्हे, स्वतःला वाटेल तिथे ‘हळू’, ‘जोरात’ असे शेरेही घालीत. वाचणाऱ्याला कळत नसे की रचनाकाराचे कुठले आणि संपादकाचे कुठले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, ग्युंटर हेन्ले यांनी जर्मनीत एक प्रकाशनसंस्था काढली. मूळ हस्तलिखित आणि पहिली छपाई यांवरून शुद्ध संहिता देणे, हे तिचे ब्रीद. संपादकाने काही घातलेच तर ते कंसात, आणि का घातले त्याचा खुलासा टिपांत. या हेन्ले संस्थेने १९८६ साली फॅनीच्या निवडक पियानो-रचना काढल्या. संपादिका फॅनी किस्टनर-हेन्सेल, म्हणजे त्याच घराण्यातल्या. त्याच साली कासेल गावी रेनाटे मातई या बाईंनी ‘फुरोरे’ नावाची प्रकाशनसंस्था सुरू केली. ती केवळ स्त्री-रचनाकारांचे संगीत छापण्यासाठी. फॅनीच्या पुष्कळशा पियानो-रचना पहिल्यांदा छापल्या गेल्या त्या या फुरोरेमुळे. बार्बारा हेलर आणि लियाना सेर्बेस्कू या दोघींनी त्यांतल्या महत्त्वाच्या रचनांचे संपादन केले. हेलर स्वतः रचनाकार, सेर्बेस्कू पियानोवादक.

या सगळ्यांत मोठी रचना ‘दास यार’, म्हणजे ‘वर्ष’. १८३९-४० मध्ये फॅनी नवरा-मुलासह इटलीत राहून आली. रोममधले ते दिवस तिच्या आयुष्यातले फार आनंदाचे. परत आल्यावर १८४१ साली तिने बारा महिन्यांचे बारा तुकडे पियानोसाठी रचले, आणि शेवटी एक उपसंहार जोडला. फेब्रुवारीत रोमच्या कार्निव्हलची धांदल आहे. मार्चमध्ये ईस्टरच्या जुन्या भजनाचे स्वर येतात. डिसेंबरात बाहेर हिमवर्षाव आणि मग नाताळचे भजन. आपल्याकडे बारामासी लिहिण्याची परंपरा आहे, ऋतूऋतूंतून मनाची अवस्था सांगायची. तिकडच्या एका बाईने तेच शब्दांवाचून, नुसत्या स्वरांत केले म्हणा ना! ही रचना जवळजवळ तासभर चालते. आणि ती पहिल्यांदा छापली केव्हा? १९८९ साली. रचना झाल्यानंतर एकशे अठ्ठेचाळीस वर्षांनी.

पण काम तिथे संपले नाही. १९८९ ची आवृत्ती कच्च्या प्रतीवरून झाली होती. फॅनीने पुढे एक साफ प्रत केली होती. प्रत्येक महिन्याला निराळ्या रंगाचा कागद, वर कुणा जर्मन कवीच्या दोन ओळी, आणि विल्हेल्मने काढलेले छोटे चित्र. नवराबायकोने मिळून केलेली ही वही! ती उजेडात आल्यावर दिसले की साफ प्रत करताना फॅनीने संगीतातही बदल केले आहेत. जूनच्या तुकड्याची तर दोन निरनिराळी रूपे झाली. २००० साली फुरोरेने या वहीची हुबेहूब छायाप्रत रंगांसकट प्रसिद्ध केली. आता वाजविणाऱ्याने जून महिना कुठला वाजवायचा? महाभारतात निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळे पाठ केले; तिथे मूळ कोणते हे शोधता येते. इथे दोन्ही पाठ एकाच हाताचे. एकाला चूक ठरवून कसे चालेल? चांगला संपादक अशा वेळी दोन्ही रूपे छापतो आणि निवड वाजविणाऱ्यावर सोपवितो. वाजविणाऱ्यालाही मग वही उघडण्याआधी जरा विचार करावा लागतो, आणि तसे होणे बरेच.

दुसरी गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. १८२८ साली, बावीस वर्षांची असताना, फॅनीने एक ‘ईस्टर सोनाटा’ रचला. सोनाटा म्हणजे तीन-चार भागांची मोठी रचना. तिच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख होता. प्रत कुठेच नव्हती. १९७० साली फ्रान्समध्ये एक हस्तलिखित वर आले. त्यावर ‘फे. मेंडेल्सोन’ अशा अर्थाचे नाव. फेलिक्सचेही पहिले अक्षर तेच आणि फॅनीचेही तेच! लोकांनी फेलिक्सचे मानले. १९७२ साली फ्रान्सच्या एरिक हाइडसीक याने तो फेलिक्सचा म्हणून वाजवून ध्वनिमुद्रितही केला. ज्यांना शंका आली त्यांच्या हाती पुरावा नव्हता, कारण ते हस्तलिखित खासगी संग्रहात होते.

२०१० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधिका अँजेला मेस यांना पॅरिसमध्ये ते कागद पाहायला मिळाले. अक्षर फॅनीचे होते. पण अक्षराच्या बाबतीत वाद घालणारे असतात. बहिणीने भावाची नक्कल करून ठेवली असेल, असेही कुणी म्हणू शकतो. खरा पुरावा निघाला तो पानांच्या आकड्यांत. बर्लिनच्या संग्रहात फॅनीची एक वही होती आणि तिच्यातली काही पाने गहाळ होती. गहाळ पानांचे जे आकडे, तेच आकडे पॅरिसच्या कागदांवर! म्हणजे ही पाने तिच्याच वहीतून कापून काढलेली. शाळेतल्या मुलालाही पटेल असा हा पुरावा. २०१२ साली ड्यूक विद्यापीठात तो सोनाटा फॅनीच्या नावाने वाजविला गेला. आणि ८ मार्च २०१७ रोजी, जागतिक महिला दिनी, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सोफिया गुल्याक यांनी तो वाजविला आणि बी. बी. सी. रेडिओने तो सर्वदूर पोहोचविला. रचना झाल्यापासून एकोणनव्वद वर्षांवर शंभर.

आपल्या जनाबाईंची या ठिकाणी आठवण होते. जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर आले, नामदेवांच्या घरची दासी म्हणूनच त्या ओळखल्या गेल्या. तरी त्यांचे नाव हरवले नाही. का? अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. ‘जनी’ हा शब्द अभंगाच्या अंगातच ओवलेला असतो. वेगळा काढायचा म्हटले तर अभंग मोडतो. पियानोच्या संगीताला शब्दच नाहीत, तेव्हा मुद्रा कुठे ओवणार? नाव राहते ते वरच्या कागदावर, आणि कागद फाटतो, किंवा त्यावर एकच अक्षर असते. म्हणून तिथे संपादकाला पानांचे आकडे मोजीत बसावे लागते.

कुणी म्हणेल, संगीत चांगले असले म्हणजे झाले, नाव कुणाचे का असेना. ऐकायला हे उदार वाटते. पण हा उदारपणा करायला सांगितले जाते ते नेहमी ज्याचे नाव गेले त्यालाच. शिवाय नावाने ऐकण्यात फरक पडतो. ईस्टर सोनाटा फेलिक्सचा मानला तर तो एका प्रसिद्ध पुरुषाच्या शेकडो रचनांपैकी एक ठरतो. फॅनीचा म्हटल्यावर कळते की ज्या मुलीला संगीत हे फक्त भूषण म्हणून सांगितले होते, ती बावीसाव्या वर्षी चार भागांची मोठी रचना बांधीत होती. त्याचबरोबर एक पथ्यही संपादकांनी पाळले पाहिजे, आणि चांगल्यांनी पाळले आहे. बाई म्हणून दया दाखवायची नाही. तिच्या स्वरमेळात विचित्र काही दिसले तर शिकाऊपणाची चूक म्हणून दुरुस्त करायचे नाही. बाखच्या हस्तलिखिताला जी कसोटी, तीच हिच्या हस्तलिखिताला. खरा मान तो हाच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या कथेतून तुमच्या उपयोगाचे एक काम निघते. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे कार्य हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी केले. लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि गाणारणीचे नाव आणि गाव यांची नोंदही ठेवली गेली. तुमच्या गावातही अजून कुणी आजी ओवी म्हणत असेल, कुणाच्या ट्रंकेत आईची गाण्यांची वही असेल. ती उतरून घ्याल तेव्हा पूर्ण नाव लिहा, नुसते पहिले अक्षर नको. तारीख घाला. पानांवर आकडे घाला. दोघींनी एकच ओवी दोन तऱ्हांनी म्हटली तर दोन्ही लिहा. आपल्या मनाने एक करू नका. शब्द अशुद्ध वाटला तरी तसाच ठेवा, शंका समासात मांडा. पुढे शंभर वर्षांनी कुणी ती वही उघडली, तर त्या माणसाला गाणे कुणाचे हे शोधीत फिरावे लागणार नाही.